उंची मोटारीचा घसारा : वहीतला व बाजारातला

माल घेतानाच तो पुढे कोणत्या भावाने उठेल, याचा अदमास बांधणारा व्यापारी स्वतःसाठी उंची मोटार घेताना मात्र हा हिशेब विसरतो, हे एक कोडेच होय. रेंज रोव्हर, लँड क्रूझर यांसारख्या, डोंगर-नाल्यांच्या आडवाटेनेही जाणाऱ्या भव्य गाड्या आता आपल्या समाजातही दिसतात. आपल्या शास्त्रकारांनी बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांत ‘यान’ गणलेच आहे. त्याचे परिमाण ज्याचे त्याने ठरवावे. येथे विचार करावयाचा तो गाडी विकण्याच्या दिवसाचा.

वहीतला घसारा सोपा आहे. प्राप्तिकरासाठी मोटारीवर सामान्यतः दरसाल १५ टक्के, तेही घटत्या किमतीवर, धरतात. त्या हिशेबाने एक कोटीची गाडी पाच वर्षांनी वहीत सुमारे ४४ लक्ष ३७ हजारांची उरते. बाजार मात्र आपली वही पाहत नाही. जुन्या गाडीचा भाव तिच्या झिजेवर ठरतो हा समज अर्धाच खरा आहे. नवी गाडी आज कितीस व किती दिवसांत मिळते, यावरही तो तितकाच अवलंबून असतो.

रेंज रोव्हरचेच पाहा. १९७० साली इंग्लंडात निघालेली ही गाडी बनविणारी कंपनी २००८ पासून टाटांच्या मालकीची आहे. तरीही ती आपल्याकडे विलायतेहून तयार येई व तीवर जबर आयातशुल्क पडे. मे २०२४ मध्ये तिची जुळणी पुण्यास करण्याचे जाहीर झाले आणि किमती सुमारे १८ ते २२ टक्क्यांनी उतरल्या. एप्रिलात आयात केलेली गाडी घेणाऱ्याचे, गाडीस ओरखडाही न उमटता, लक्षावधी रुपये बुडाले. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरील ५० टक्क्यांपर्यंतचा करभार ४० टक्क्यांवर आला. कराविना एक कोटी मूल्याची गाडी दीड कोटीऐवजी एक कोटी चाळीस लक्षांस मिळू लागली, म्हणजे आदल्या दिवशीच्या ग्राहकाचे दहा लक्ष गेले! हा कर बहुतेक पेढ्यांना वजाही मिळत नाही.

याच्या उलट गोष्ट लँड क्रूझरची. २०२१ साली तिची नवी आवृत्ती निघाली तेव्हा खुद्द जपानात ग्राहकांना काही वर्षे थांबावे लागेल अशी स्थिती झाली, आणि एक वर्षाच्या आत गाडी विकणार नाही असे वचन कंपनीने काही प्रकारांच्या ग्राहकांकडून लिहून घेतले. नवा माल मिळत नसला की जुन्याचा भाव टिकतो, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

चोरांचाही या भावात हात असतो. लंडनमध्ये रेंज रोव्हरच्या चोऱ्या इतक्या वाढल्या की विमा मिळणे दुर्घट झाले; अखेर २०२३ मध्ये कंपनीने जुन्या गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी एक कोटी पौंडांहून अधिक रक्कम खर्चण्याचे जाहीर केले. ज्या गाडीचा विमा उतरत नाही तिला गिऱ्हाईक कोठले?

आपल्या बेळगावकडील बंधूंना आणखी एक अडचण आहे. गोव्यात नोंदलेली गाडी तेथील हलक्या करामुळे स्वस्त पडते खरी. परंतु ती कर्नाटकात कायमची आणावयाची तर ना-हरकत दाखला व येथला कर हे दोन्ही आलेच. घेणारा ती रक्कम आपल्या भावातून आधीच कापतो.

गाडी पेढीच्या नावे असून तिच्यावर घसारा घेतला असेल, तर विक्रीची रक्कम वहीतल्या शिलकीहून जितकी अधिक, तेवढ्यावरच १८ टक्के जीएसटी लागतो. वरील गाडी ५० लक्षांस गेली तर कर सुमारे १ लक्ष १ हजार. ३५ लक्षांस गेली तर काहीच नाही. अर्थात तो कर वाचला म्हणून आनंद मानण्याचे कारण नाही.

जाता जाता आसनांविषयी. या गाड्यांत बहुधा चामडेच असते. परंतु २०१७ च्या व्हेलार गाडीपासून या कंपनीने चामड्याऐवजी कापडी आसनांचाही पर्याय ठेवला आहे. आपल्या घरांतून तोच मागावा, आणि मागणी नोंदविताना तो लेखी घ्यावा.