आधी दोन्ही वाटा सांगा

स्तनाचा कर्करोग लवकर सापडला, की बहुतेक स्त्रियांपुढे शस्त्रक्रियेच्या दोन वाटा असतात. पूर्ण स्तन काढायचा, किंवा गाठ आणि तिच्या भोवतीचा भाग काढून पुढे रेडिएशन घ्यायचं. इटलीतल्या मिलानमध्ये ७०१ स्त्रियांवर या दोन पद्धतींची तुलना झाली. २० वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ साली आले, तेव्हा जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं. म्हणजे आयुष्य किती, या प्रश्नावर दोन्ही वाटा बरोबरीच्या. मग उरतात ते प्रश्न केस पेपरवर लिहिलेलेच नसतात. रेडिएशनसाठी काही आठवडे रोज रुग्णालयात यायचं, तर गडचिरोलीहून आलेल्या बाईने मुंबईत राहायचं कुठे? सोबत कोण थांबणार, बुडालेल्या रोजंदारीचं काय? स्तन राखला तर त्याच जागी आजार उलटण्याची शक्यता थोडी जास्त. ती धास्ती तिला पेलेल का? आणि स्तन गेल्याचं दुःख तिच्या लेखी केवढं? याची उत्तरं फक्त तिच्याकडे आहेत. म्हणून तिला विचारणं हा सौजन्याचा भाग नाही, तो उपचाराचाच भाग आहे.

प्रत्यक्षात मात्र बोलणं पुष्कळदा नवऱ्याशी किंवा मुलाशी होतं आणि बाईच्या वाट्याला संमतीपत्रावरची सही तेवढी येते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात भूल दिलेल्या स्त्रीचं गर्भाशय आणि अंडाशय तिच्या आईच्या संमतीवर काढले गेले होते. जिवावर बेतलेलं नसताना शुद्धीवर येऊ शकणाऱ्या सज्ञान रुग्णाच्या वतीने आईसुद्धा संमती देऊ शकत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. माया असली, तरी तो हक्क नातेवाइकांकडे जात नाही.

यावर डॉक्टरांचं म्हणणं असतं, की रुग्णच सांगतात, ‘डॉक्टर, तुम्हीच काय ते ठरवा.’ हे खरं आहे, आणि दोन्ही बाजू ऐकून कुणी तसं म्हणालं तर तोही तिचाच निर्णय. तो मानलाच पाहिजे. पण दुसरी वाट आहे हेच जिला ठाऊक नाही, तिच्या या वाक्याला संमती कसं म्हणायचं? दुसरी अडचण वेळेची, आणि ओपीडीबाहेरची रांग पाहिली की ती खोटी म्हणवत नाही. तरीही स्वित्झर्लंडमधल्या एका बाह्यरुग्ण विभागात ३३५ रुग्णांना मध्ये न तोडता बोलू दिलं, तेव्हा ते सरासरी ९२ सेकंदच बोलले. पर्याय समजावायला याहून जास्त वेळ लागतो हे मान्य. पण तो एकट्या डॉक्टरांनीच द्यावा असं कुठे आहे? प्रशिक्षित परिचारिका किंवा समुपदेशक तिच्या बोलीत हे सांगू शकतात, चित्रं दाखवू शकतात, दोन दिवस विचाराला देऊ शकतात. लवकर सापडलेल्या आजारात एवढी सवड बहुधा असते. आणि सहीआधी एक प्रश्न विचारता येतो: ‘ताई, घरी गेल्यावर या दोन ऑपरेशनांबद्दल काय सांगाल?’ तिचं उत्तर अडखळलं, तर समजावण्यात काय राहून गेलं ते तिथेच कळतं आणि पेन खाली ठेवून पुन्हा बोलता येतं.