आधी उलटायला शिका

यंदाही पनवेल परिसरात पावसाळी पर्यटनाला मनाई करणारे आदेश निघाले. गाढेश्वर धरण, पांडवकडा, आसपासचे ओढे-धबधबे. बातमी तुम्ही वाचलीच असेल. दरवर्षी ठिकाणं तीच आणि मजकूरही तोच. बंदी घालणाऱ्यांना मी दोष देणार नाही. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पण वाहतं पाणी म्हणजे काय, हे आदेश लावून कुणाला समजत नाही. ते जिथे शिकता येतं अशी जागा पनवेलपासून जेमतेम 80 किलोमीटरवर आहे, आणि तिथे आपण फक्त फोटो काढायला जातो.

ती जागा म्हणजे कोलाडची कुंडलिका. ही नळाची नदी आहे. मुळशीचं पाणी खरं तर मुळा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी ते अडवलं, डोंगरातून पश्चिमेला वळवून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं. 1927 पासून ते वीज करून कुंडलिकेत येतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. याच धरणाविरुद्ध 1921 मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळालं ते त्यातूनच. सत्याग्रह हरला, गावं बुडाली. आपली रविवारची मौज त्या पाण्यावर चालते, एवढं तरी माहीत असावं.

नवशिक्याला या नळाचा फायदा असा, की सकाळी जनित्रं फिरली की पाणी येतं आणि बंद झाली की ओसरतं. सकाळी ज्या लाटेने आपल्याला पालथं घातलं, तिच्या पोटातला खडक मग उघडा दिसतो. प्रवाहांची प्रतवारी एक ते सहा अशी असते. कुंडलिका साधारण दोन-तीनमध्ये बसते. पावसात मात्र डोंगरातले ओढेही तिला मिळतात, तेव्हा पहिला धडा दिवाळीनंतरच.

राफ्टमध्ये मागे गाईड असतो, आपण आरडाओरडा केला तरी चालतं. कयाकमध्ये, म्हणजे एकट्याच्या बंद होडीत, आपण एकटे. कंबरेभोवती रबरी स्कर्ट, त्याची कड होडीच्या तोंडावर घट्ट बसवलेली, म्हणजे पाणी आत येत नाही. आणि उलटलो तर आपण सहजी बाहेर पडत नाही. म्हणून पहिला धडा वल्हवण्याचा नसतो. संथ पाण्यात मुद्दाम उलटायचं. डोकं खाली, पाय होडीत. पुढे वाकायचं, होडीच्या बुडावर तीन थापा मारायच्या, स्कर्टची पुढची पट्टी ओढायची, मग कंबरेशी दोन्ही हात टेकून स्वतःला बाहेर ढकलायचं. सांगायला दहा सेकंद. माझ्या नाकात पाणी गेलं, मी वल्हं गच्च धरून बसलो, थापा राहिल्या, पट्टी काही सापडेना. शिकवणारा वीस-बावीसचा पोरगा. त्याने होडी सरळ केली आणि शांतपणे विचारलं, “काका, डोळे का मिटता? मिटल्यावर पट्टी दिसणार कशी?” पाचव्या वेळी दिसली.

होडीतून न उतरता पुन्हा सरळ होणं ही पुढची विद्या, ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्यांची. युरोपात ती पहिल्यांदा साधली ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटाला, तीही 1927 मध्येच, भिऱ्याचं वीजघर सुरू झालं त्याच वर्षी. कंबरेच्या झटक्याने होडी आधी फिरवायची, डोकं पाण्याबाहेर सगळ्यात शेवटी काढायचं. बुडणाऱ्या माणसाला नेमकं उलटं सुचतं. मलाही तेच सुचलं. मी अजून सरळ झालेलो नाही.

खरी नदी सुरू होते खडकाआडच्या पाण्यात. प्रवाह खडकाला वळसा घालतो आणि मागे एक तुकडा जवळजवळ थांबलेला किंवा उलटा वाहणारा राहतो. याला एडी म्हणतात. दमलेल्याने तिथे शिरायचं. तिथून पुन्हा धारेत जाताना होडी प्रवाहाच्या दिशेने कलती ठेवायची, मोटरसायकल वळणावर कलते तशी. दुसऱ्या बाजूला कललात तर विचार करायलाही वेळ मिळत नाही.

आणि होडी सुटली तर? पाठीवर पडा, पाय पुढे, बोटं पाण्यावर दिसतील असे. ओढ असलेल्या गुडघाभर पाण्यात उभं राहायला जाऊ नका; पाऊल दोन दगडांत अडकतं आणि मागून येणारं पाणी माणसाला आडवं करतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. पनवेलच्या गाढी नदीकाठी वाढलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही हे कुणी सांगितलेलं नसतं. तलावात हजार मीटर पोहणाऱ्याचा मला म्हणूनच फारसा भरवसा वाटत नाही.

पॅकेजवर लिहिलेलं ‘कयाकिंग’ म्हणजे बहुतेकदा बंधाऱ्याच्या संथ पाण्यात उघड्या प्लॅस्टिक होडीतली चक्कर. ती जरूर करा, पण तिला शिकणं म्हणू नका. शिकायचं असेल तर सलग तीन-चार दिवस द्या. पैसे देण्याआधी, राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का, ते विचारा. हेल्मेट डोक्यावर सैल बसत असेल तर दुसरं मागा, लाजू नका.

भिऱ्याचं पाणी सकाळी सुटतं. पनवेलहून पहाटे 5 ला निघालात तर वडखळची गर्दी लागायच्या आत पुढे निघता येतं.