ग्रुपवर मदत मागायची, पण लिहायची कशी? (या भागाचा लिखित मजकूर)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इयरफोन आज घरीच राहिलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना येणारे "म्हणजे काय की" तेवढे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

मेल आणि मेसेज कसे लिहायचे, यावर अख्खा भाग? असं काही जणांना वाटेल. ऑफिसच्या मेलबद्दल असता तर मीही केला नसता. मी बोलतेय ते सपोर्ट ग्रुपबद्दल. एकाच आजाराचे पेशंट, त्यांच्या घरची माणसं, एकमेकांना धीर देणारे, माहिती देणारे. डायलिसिसवर असलेल्या पेशंटच्या अशा एका ग्रुपची मी गेली काही वर्षं ॲडमिन आहे. रोजचं बोलणं व्हॉट्सॲपवर होतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं, आहाराच्या याद्या असं लांबलचक काही असलं की मेल. कारण आई-वडील साताऱ्याला, मुलगा बंगळुरूला आणि मुलगी न्यू जर्सीला, अशी घरं आमच्याकडे बरीच आहेत.

आता आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. आपला मेसेज वाचणारा माणूस आत्ता कुठे आहे? हीमोडायलिसिस साधारण चार तास चालतं, आठवड्यातून दोन-तीनदा. एका हातात सुया असतात, तो हात हलवायचा नाही. दुसऱ्या हातात फोन. अंगठ्याने टाइप करतोय. म्हणून आमच्या ग्रुपवर "कृपया शुद्ध लिहा" असं कुणी कुणाला म्हणत नाही. म्हटलं तर मी त्यांना वेगळा मेसेज करते!

दुसरी गोष्ट डोळ्यांची. किडनी निकामी होण्याचं एक मोठं कारण म्हणजे डायबेटिस, आणि तोच डायबेटिस डोळ्यांचा पडदाही खराब करतो. त्यामुळे आमच्याकडे कमी दिसणारे पुष्कळ. कुणी फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलीत, कुणी टॉकबॅक लावून फोनकडून मेसेज वाचून घेतं. साधा टाइप केलेला मजकूर मोठा होतो, फोन तो वाचूनही दाखवतो. तोच मजकूर फुलांच्या चौकटीत बसवून फोटो म्हणून पाठवला, की टॉकबॅक बऱ्याचदा नुसतं "इमेज" म्हणतो आणि गप्प बसतो.

यात नुसती गैरसोय नाही, धोकाही आहे. उन्हाळा आला की "किडनीसाठी नारळपाणी अमृत" असं एक चित्र फिरायला लागतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. निरोगी माणसाची किडनी जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकते. डायलिसिसवरच्या माणसाचं ते रक्तात साठतं आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. मग कुणीतरी जाणकार खाली लिहितं, "हे आपल्यासाठी नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका." पण ते चित्र तोवर दहा जणांनी सेव्ह करून घरी पाठवलेलं असतं, आणि दुरुस्ती मात्र आमच्या ग्रुपमध्येच राहते. आमचा नियम म्हणून इतकाच: आरोग्याची माहिती टाइप करायची, ती कुठून मिळाली तेही लिहायचं, आणि चित्र टाकायचंच असेल तर त्यात काय लिहिलंय ते खाली दोन ओळींत द्यायचं. टाइप केलेलं नंतर सर्च करून सापडतं, हा वर फायदा. "पोटॅशियम" टाकलं की मागच्या वर्षीची चर्चाही हाती लागते. फोटोतले शब्द असे सहसा सापडत नाहीत.

नक्षीदार इंग्रजी अक्षरांचंही तेच. ॲपमधून नाव किंवा वाक्य वळणदार करून मिळतं ना, ती खरी एबीसीडी नसतेच. युनिकोडमध्ये गणितासाठी ठेवलेली ती चिन्हं असतात. स्क्रीन रीडर एकतर ती गाळतो, नाहीतर एकेक अक्षराआधी "मॅथेमॅटिकल बोल्ड" असं काहीबाही म्हणत बसतो. औषधाचं नाव तर असं कधीच लिहू नका.

आता मदत मागण्याकडे येऊ. रात्री साडेअकराला ग्रुपवर येतं, "अर्जंट!!! कुणी आहे का??" मग सात जण विचारतात, "काय झालं?" पुढची वीस मिनिटं त्यात जातात. त्याऐवजी हे वाचा:

"वडील, वय ६१, डायबेटिस. आठवड्यातून ३ डायलिसिस, ८ महिने झाले. कालपासून फिस्टुलाचा हात सुजलाय. ताप नाही. हाताला थरथर लागतेय. पुढचं डायलिसिस परवा. आजच सेंटरला दाखवावं की थांबता येईल?"

यात नाव नाही, रिपोर्टचे अकरा फोटो नाहीत, पण जे लागतं ते सगळं आहे. पेशंट कोण, काय बदललं, कधीपासून, आणि शेवटी नेमका प्रश्न. हे वाचून अनुभवी माणूस लगेच लिहू शकतो, "थांबू नका, आत्ताच सेंटरला फोन लावा." ग्रुपचं काम तेवढंच. तिथे डॉक्टरकी करायची नाही. आणि फिस्टुलातून रक्त थांबत नसेल, छातीत दुखत असेल, श्वास घेता येत नसेल, तर मेसेज टाइपच करायचा नाही. रक्त येतंय ती जागा घट्ट दाबून धरायची आणि १०८ ला फोन करायचा.

व्हॉइस नोटबद्दल मी बोलणं म्हणजे पॉडकास्टवालीनेच आवाजाच्या विरोधात जाणं, मान्य आहे, हसा! पण वॉर्डात मशीनचे बीप चालू असताना तीन मिनिटांची नोट कोण ऐकणार? आणि त्यातला औषधाचा डोस नंतर शोधणार कसा? टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, तो लिहून देतो. पाठवण्याआधी एकदा वाचा मात्र, कारण तो आकडे चुकवतो. ज्यांना वाचताच येत नाही, अशा काकू-आजोबांसाठी व्हॉइस नोटच बरी. तिथे माझा काही हट्ट नाही.

गावाकडे नेट गेलं की शेवटी साधा एसएमएसच. त्याचं एक गणित फार जणांना माहीत नसतं. एका एसएमएसमध्ये जागा १४० बाइट्सची. इंग्रजी अक्षरं ७ बिटांत बसतात, म्हणून १६० मावतात. देवनागरीला प्रत्येकी १६ बिट लागतात, म्हणून ७० च. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "क्रिएटिनिन" हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो, फोनच्या हिशोबात दहाचा. आणि इंग्रजी मेसेजमध्ये एक जरी देवनागरी अक्षर किंवा इमोजी आला, की अख्ख्या मेसेजची मर्यादा ७० वर येते. पुढचा भाग दुसऱ्या एसएमएसमध्ये जातो, त्याचे पैसेही वेगळे. म्हणून एसएमएस करताना महत्त्वाचं आधी: कोण, कुठे, काय हवंय.

आता मेल. तुमच्यापैकी बरेच जण मेल फक्त नोकरीच्या अर्जापुरता उघडता, म्हणून इथे जरा थांबते. मेलमध्ये पत्ते टाकायच्या तीन जागा असतात: टू, सीसी आणि बीसीसी. पहिल्या दोनमधले पत्ते सगळ्यांना दिसतात, बीसीसीतले कुणालाच दिसत नाहीत.

सप्टेंबर २०१५ मध्ये लंडनच्या ५६ डीन स्ट्रीट या क्लिनिकने आपलं माहितीपत्रक ७८१ जणांना मेल केलं. हे पत्रक एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी होतं. पाठवणाऱ्याने पत्ते बीसीसीऐवजी टूमध्ये टाकले. त्यातल्या ७३० पत्त्यांमध्ये माणसांची पूर्ण नावं होती. म्हणजे एका क्लिकमध्ये प्रत्येकाला बाकी सगळ्यांची नावं कळली. त्यात एचआयव्ही नसलेलेही थोडे होते, पण यादीवर नजर टाकणाऱ्याला ते कसं कळणार? मे २०१६ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने त्या रुग्णालयाच्या ट्रस्टला १,८०,००० पौंडांचा दंड केला. दंड भरला गेला, पण वाचलेली नावं कुणाच्या डोक्यातून पुसणार?

आपल्याकडे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात संमतीशिवाय कुणाची अशी माहिती उघड करायला बंदी आहे. पण डायलिसिस असो, कॅन्सर असो, मानसिक आजार असो, ग्रुपच्या यादीत नाव असणं हीच त्या माणसाची खाजगी गोष्ट आहे. लग्न ठरायचंय, नोकरी टिकवायचीय, घरमालकाला कळू द्यायचं नाहीये. म्हणून ग्रुपचा मेल पाठवताना टूमध्ये स्वतःचा पत्ता, बाकी सगळे बीसीसीत. आणि ऑफिसच्या आयडीवरून तर बिलकूल नको. खाली कंपनी, हुद्दा, नंबर अशी सही आपोआप चिकटते, आणि सुट्टीवर गेलात की "मी रजेवर आहे" हे उत्तर जाईल ते वेगळंच.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपला तर बीसीसी नावाचा प्रकारच नाही. साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. म्हणून न विचारता कुणालाही ॲड करायचं नाही, आधी लिंक पाठवायची आणि त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं. ग्रुपच्या नावात आजाराचं नाव नको. लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशन आलं की शेजारी बसलेला वाचतो. आमच्या ग्रुपचं नाव इतकं साधं आहे की लोकांना ती भिशी वाटते.

मेलच्या विषयाच्या जागी "हाय" किंवा "मदत" नको. "सातारा: योजनेसाठी कोणती कागदपत्रं?" असं लिहा. उत्तर देताना मागचं सगळं शेपूट ठेवू नका, ज्या दोन ओळींना उत्तर देताय तेवढ्याच ठेवा. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये नवीन मेलच्या खाली तीन टिंबं आहेत, तिथे "प्लेन टेक्स्ट मोड" मिळतो. तो लावला की रंग, फॉन्ट, वर्डमधून आलेला कचरा सगळा गळतो आणि मेल कुठल्याही फोनवर सरळ दिसतो.

हे नियम काही मी शोधलेले नाहीत बरं का. ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ नावाचा नेटवरच्या शिष्टाचाराचा दस्तऐवज आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं. सगळं कॅपिटलमध्ये लिहिणं म्हणजे ओरडणं, सही चार ओळींपेक्षा मोठी नको, हे त्यात आहे. मला त्यातला सगळ्यात आवडलेला सल्ला म्हणजे भावनेच्या भरातलं उत्तर एक रात्र थांबून पाठवा. "तुम्ही पथ्य पाळलं असतं तर" असं सुरू होणारं वाक्य सकाळी सहसा लिहावंसं वाटत नाही.

एक अवघड विषय राहिला. ग्रुपमधला कुणी पेशंट जातो. मग एकामागून एक ऐंशी "भावपूर्ण श्रद्धांजली", हार घातलेला फोटो, हात जोडलेले इमोजी. भावना खरीच असते. पण त्याच वेळी दुसरा पेशंट खुर्चीवर चार तास पडून ते एकेक वाचत असतो. आमच्याकडे आता ॲडमिन एकच साधा मेसेज टाकते. त्यावर हवं तर रिॲक्शन द्यायची, आणि जे म्हणायचं ते घरच्यांना थेट कळवायचं. काहींना हे कोरडं वाटलं, दोघं-तिघं रागावून बाहेरही पडले. मला अजूनही हेच बरोबर वाटतं.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याने विचारलं होतं, "ताई, बाबा गेले. आता ग्रुपमध्ये राहवत नाही, पण न सांगता निघणं बरं दिसेल का?" २०२२ पासून व्हॉट्सॲपवर ग्रुप सोडला की ती सूचना फक्त ॲडमिनला जाते, सगळ्यांना नाही. तुझ्या ॲडमिनला दोन ओळी लिही, नाही जमलं तर तेही नको. बाबांची उरलेली औषधं किंवा डायलिसिसचं सामान असेल, तर तेवढं ॲडमिनला जाण्याआधी विचार. नाव न घेता ती पुढचं बघेल.