यादी एक्सेलमध्ये आहे, मग पुन्हा पासबुक कशाला?



बरेच जण विचारून राहिलेत, "आमची माहिती तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे ना, मग आधार अन् पासबुक परत कशाला मागता?" प्रश्न बरोबर आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

संस्थेची सभासद यादी एक्सेलमध्ये आहे. ती आता नवीन सॉफ्टवेअरमध्ये चढवायची आहे. एक्सेल म्हणजे वहीसारखं, कुठल्याही रकान्यात काहीही लिहा, ते अडवत नाही. सॉफ्टवेअरला मात्र तारखेच्या जागी तारीखच लागते. नाही बसलं की ती ओळ बाहेर. बाहेर पडलेली ओळ निदान दिसते तरी. चुकीची होऊन आत गेलेली दिसत नाही, खरी भीती तिची आहे.

आधारचंच घ्या. १२ अंकी नंबर एक्सेलला हिशेबाचा आकडा वाटतो अन् ते "४.५६ ई प्लस ११" असं काहीतरी दाखवतं. तिथवर नंबर आत शाबूत असतो. पण सॉफ्टवेअरसाठी सीएसव्ही फाइल काढली की डोळ्याला दिसतं तेच तिच्यात उतरतं. मागचे अंक गेले ते गेलेच. खाते नंबरचं तर विचारूच नका. सुरुवातीला शून्य असेल तर एक्सेल ते खाऊन टाकतं. १६ अंकी खातं असेल तर शेवटच्या अंकाचा शून्य होतो, कारण ते १५ अंकच धरून ठेवतं. रकाना लिहिण्याआधीच "टेक्स्ट" केला तर हे टळतं, नंतर करून हरवलेला अंक परत येत नाही.

जन्मतारखेचीही तीच तऱ्हा. ०५/०८ म्हणजे आपल्यासाठी ५ ऑगस्ट. कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर असेल तर तो ८ मे धरतो. २३/०८ ला मात्र तेवीस नंबरचा महिना नसतो, म्हणून ती तारीख म्हणून घेतच नाही. एकाच यादीत अर्ध्या तारखा उलट्या, अर्ध्या नुसती अक्षरं!

हे फक्त आपल्याकडेच नाही. २०२० मध्ये इंग्लंडात कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत.

आता आपल्या भागाचं सांगतो. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत गेली, आंध्रा बँक १ एप्रिल २०२० ला युनियन बँकेत. पण घरातल्या जुन्या पासबुकावर अजून जुनाच आयएफएससी कोड आहे. त्या कोडमध्ये पाचव्या जागी नेहमी शून्य असतो, पुष्कळ जण तिथे इंग्रजी "ओ" लिहून देतात. नावांचा घोळ तर विचित्रच. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. तेलुगू पद्धतीत घराण्याचं नाव आधी, तेही नुसतं एक अक्षर. माणूस वाचला तर ओळखेल, कॉम्प्युटर दोन माणसं धरतो. पैनगंगेपलीकडून लग्न होऊन आलेल्या भगिनींच्या आधारवर माहेरचं नाव अन् यवतमाळ जिल्ह्याचा पत्ता असतो. २०१६ च्या ऑक्टोबरात आपला जिल्हा चार ठिकाणी वाटला गेला, तरी जुन्या नोंदीत निर्मल, मंचेरियल सगळं आदिलाबादच.

एवढा जीव का काढतो? प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेच्या अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये आहेत, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, दवाखान्याला २५ हजारांपर्यंत. उद्या सातनाल्यावर वाऱ्यात कुणाचा डोंगा उलटला, तर त्याच्या घरच्यांनी तेव्हा एका शून्यासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवायच्या का?

म्हणून चालू पासबुक अन् आधार घेऊन ऑफिसात या. वारसदाराचं नाव आधारवर आहे तसंच सांगा. आम्ही नंबर मोठ्याने वाचू, तुम्ही पासबुकाशी जुळवा, मगच सही करा. डोंगा भावाच्या नावावर अन् सभासद तुम्ही असाल तर दोघंही या. आधारचा फोटो ग्रुपवर टाकू नका.