मोडीचे मुद्राक्षर : सौंदर्य आणि मर्यादा

हस्ताक्षराचे वळण राखणारे मुद्राक्षर घडविणे ही मुद्राक्षरकाराच्या कौशल्याची कसोटी होय. आपल्याकडे ही कसोटी मोडीने घेतली. बालबोध अक्षर सुटे आणि स्थिर. त्याचा खिळा पाडणे त्यामानाने सुकर. मोडीची रीत निराळी. आधी पानभर आडवी रेघ ओढावयाची आणि मग तिच्याखाली, शब्दाशब्दांत अंतर न सोडता, शक्यतो हात न उचलता लिहीत जावयाचे. त्यामुळे अक्षराचे रूप शेजारच्या अक्षरानुसार पालटते. काना वेगळा न राहता अक्षराच्या वळणातच मिसळतो. रकार तर जोडणीप्रमाणे निरनिराळी रूपे घेतो.

बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले, ते बालबोध खिळ्यांत. पुढे १८१० साली निघालेल्या त्यांच्या मराठी कोशातील शब्द मात्र मोडी खिळ्यांत आले. परंतु खिळा म्हणजे धातूचा चौकोनी तुकडा. दोन खिळ्यांच्या कडांपाशी लेखणीची धाव खंडित होते. ती साधावयाची तर एकेका अक्षराचे अनेक खिळे पाडावे लागतात आणि जुळणाऱ्याचे काम दुप्पट होते. अक्षरे मोडीची, पण चाल बालबोधाची, असा प्रकार होतो.

ही अडचण संगणकाने पुष्कळशी दूर केली आहे. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले. अक्षराचा संकेत एकच ठेवून शेजारानुसार त्याचे रूप बदलण्याचा नियम आता मुद्राक्षरातच घालता येतो.

तेव्हा याची योजना कोठे करावी? ग्रंथाचे मुखपृष्ठ, संस्थेचे बोधचिन्ह, निमंत्रणपत्रिका, प्रदर्शनातील फलक अशा मोजक्या शब्दांच्या जागी ते शोभते. अक्षर मोठे असावे. शोभेसाठी अक्षरे दूर दूर मांडू नयेत. रेघ तुटली की मोडीपण गेले. आणि शेजारी बालबोध पाठ अवश्य द्यावा. वाचताच न येणारे अक्षर म्हणजे नुसती वेलबुट्टी. ज्या लिपीत राज्यांचा कारभार चालला, तिची अशी वेलबुट्टी होणे बरे नव्हे.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुद्राक्षर एकाच हाताचे वळण शिकविते. बडोदे, इंदूर किंवा तंजावर येथील मोडी कागद मात्र असंख्य कारकुनांच्या हातचे आहेत; कोणी घाईने लिहिलेले, कोणी आखडून, कोणी निम्मा शब्द गाळून. केवळ छापील मोडीवर तयार झालेला विद्यार्थी त्यांपुढे पहिल्याच ओळीत अडतो. म्हणून अक्षरओळखीपुरते मुद्राक्षर वापरावे आणि ती होताच मूळ कागदाचे छायाचित्र त्याच्यापुढे ठेवावे. दफ्तरे जतन झाली आहेत. ती वाचणारे डोळे तयार करणे हे काम आपल्या वर्गांतूनच व्हावयाचे आहे.