मोटारीचा तोतया

मुलांनो, सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पानिपतच्या लढाईनंतर एक माणूस 'मीच भाऊ' म्हणत पुढे आला आणि भलेभले फसले. मोटारींच्या जगातही असे तोतये असतात बरं का! आज अशाच एका मोटारीबद्दल सांगते. ती ओळखायची कशी, आणि खरी निघाली तर गंजाच्या तावडीतून सोडवायची कशी.

गोष्ट अमेरिकेतली आहे. तिथल्या शेतांवर चारा आणि अवजारं ठेवायला मोठी लाकडी कोठारं असतात. समजा, मिशिगन राज्यातल्या एका कोठारात, गवताच्या ढिगाआड एक मोटार सापडली. टायर बसलेले, रंग उडालेला, कापडी टप उंदरांनी कुरतडलेला. टपाची घडी करून तो मागे टाकता येतो अशा गाडीला 'कन्व्हर्टिबल' म्हणतात. पुढच्या जाळीवर तीन अक्षरं कशीबशी वाचता येतात : जीटीओ. मालक म्हणतो, "ही १९६५ची पॉन्टियाक जीटीओ आहे." आणि किंमतही तशीच तगडी सांगतो. घ्यायची का?

थांबा. आधी जीटीओ म्हणजे काय ते पाहू.

जनरल मोटर्स ही अमेरिकेतली भली मोठी कंपनी आणि पॉन्टियाक हा तिचा एक विभाग. कंपनीचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टियाकचे मुख्य इंजिनीअर जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांना हा नियम बोचत होता. कारण त्यांच्याकडे ३८९ घनइंचांचं इंजिन होतं आणि गंमत म्हणजे बाहेरून ते ३२६ घनइंचांच्या इंजिनाएवढंच होतं. एकाच्या जागी दुसरं अलगद बसायचं! मग त्यांनी शक्कल लढवली. नवी गाडी काढलीच नाही. 'ले मॅन्स' नावाची साधी गाडी घेताना जास्तीचे पैसे भरून मिळणारा एक संच, म्हणून १९६४ साली त्यांनी जीटीओ आणली. नियम गाडीला होता, जास्तीच्या संचाला नव्हता! (माझ्या वर्गात कुणी अशी पळवाट काढली तर मी काय करीन, ते इथे लिहीत नाही.)

पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ खपल्या. मध्यम अंगाच्या गाडीत असं दांडगं इंजिन असलं की तिला 'मसल कार' म्हणतात. आपण पहिलवान मोटार म्हणू या. ३८९ घनइंच म्हणजे जवळजवळ ६,४०० सीसी. आपल्या मारुती ८००चं इंजिन ७९६ सीसीचं होतं. करा बरं भागाकार!

पण ज्या युक्तीमुळे जीटीओ जन्मली, तिच्यामुळेच तोतयाचंही फावलं. साध्या ले मॅन्समध्ये मोठं इंजिन आणि वर तीन अक्षरं बसवली, की झाली जीटीओ तयार! खऱ्या जीटीओला जास्त किंमत येते, म्हणून काही लोक नेमकं हेच करून गिऱ्हाइकाला फसवतात.

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? घरच्या स्कूटरच्या आरसी बुकात चॅसी नंबर आणि इंजिन नंबर असतो ना, तसा या गाडीलाही नंबर आहे. डावं पुढचं दार उघडा. बिजागऱ्यांच्या खांबावर धातूची छोटी पट्टी दिसेल. तिच्यावरची धूळ आणि गंज हलक्या हाताने पुसायचा, खरवडायचं नाही. समजा, नंबराची सुरुवात आहे २३७६७५पी. आता फोड करू. २३७ म्हणजे ले मॅन्स. ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल. ५ म्हणजे १९६५. पी म्हणजे पॉन्टियाक गावचा कारखाना. पुढचे आकडे त्या गाडीचा अनुक्रमांक.

आणि जीटीओ कुठे आहे? कुठेच नाही! संचच तो, त्याला वेगळा नंबर कशाला? १९६६ पासून कंपनीने जीटीओला स्वतंत्र गाडी मानलं आणि नंबर २४२ने सुरू होऊ लागला. आपली गाडी १९६६ची असती तर एका मिनिटात निकाल लागला असता. १९६५ची आहे, तिथेच घोडं पेंड खातं.

तरी एक मोठी गोष्ट कळली. ६७च्या जागी ३७ असते, तर गाडी मुळात पक्क्या टपाची होती आणि कुणीतरी टप कापून तिला कन्व्हर्टिबल केलं, असा अर्थ झाला असता. १९६५ साली एकूण ७५,३५२ जीटीओ झाल्या, त्यांत कन्व्हर्टिबल फक्त ११,३११. म्हणून हा मोह!

पुढचा पुरावा इंजिनावर. इंजिनाच्या पुढच्या भागात उजव्या बाजूला दोन अक्षरं ठोकलेली असतात. हाताने गिअर बदलायच्या १९६५च्या जीटीओत ती डब्ल्यूटी किंवा डब्ल्यूएस असतात. पण इंजिन दुसऱ्या गाडीतून काढून बसवलेलं असलं तर? म्हणून शेवटचा शब्द कागदाचा. पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस या संस्थेकडे कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत. नंबर कळवून पैसे भरले, की त्या गाडीच्या मूळ बिलाची नक्कल मिळते. तिच्यावर जीटीओचा संच लिहिलेला असला तर गाडी खरी.

समजा, आपली खरी निघाली. आता गाठ गंजाशी!

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज धरतो, हे तुम्ही विज्ञानात शिकता. मीठ मिसळलं की तो आणखी झपाट्याने वाढतो. कोकणात समुद्राकाठच्या घरांच्या खिडक्यांचे गज पाहा. मिशिगनमध्ये समुद्र नाही, पण हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठच टाकतात. ते चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाला चिकटतं. शिवाय कन्व्हर्टिबलचा टप मागच्या ज्या खोबणीत घडी होऊन बसतो, तिथे पाणी साचतं. म्हणून बसायच्या जागेखालचा पत्रा, डिकीचा तळ आणि मागच्या चाकांभोवतीचा भाग आधी सडतो.

वरून सगळं ठीक दिसतं, मग कळणार कसं? घ्या चुंबक! फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही, तिथे रंगाखाली लोखंड नाही, पुट्टी आहे. हे मी अनुभवाने सांगते. आमच्या बाबांच्या स्कूटरचा पाय ठेवायचा पत्रा गंजला, तेव्हा एका रंगाऱ्याने गंज न काढता वरच पुट्टी थापून झकास निळा रंग मारून दिला. दिवाळीत आम्ही खूष! पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड आले, कारण गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि वरचा रंग उचलतो. मग एक दिवस बाबांची टाच आरपार गेली.

म्हणून सडलेला पत्रा कापूनच काढावा लागतो. पण कन्व्हर्टिबलमध्ये तो लगेच कापायचा नाही. का? बुटांचं खोकं घ्या. झाकण नीट बसवून पिळून पाहा. आता झाकण काढून पिळा. कसं वेडंवाकडं होतं! पक्का टप म्हणजे गाडीचं झाकण. ते नाही म्हणून कारखान्याने या गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या तुळया चारी बाजूंनी बंद, पेटीसारख्या केल्या होत्या. पक्क्या टपाच्या गाडीत त्या एका बाजूने उघड्या चालतात. तळाचा पत्रा कापला की आधार आणखी कमी होतो आणि गाडी मधोमध वाकते. मग दारं बंदच होत नाहीत. म्हणून जाणकार आधी दारांच्या चौकटींत लोखंडी दांडे वेल्डिंगने ताणून बसवतात, आणि मगच करवतीला हात लावतात. घाई केली तर खरी जीटीओ दुरुस्त करता करता कायमची वाकडी!

पॉन्टियाक हे नाव २०१० साली बंद झालं, तरी दुसऱ्या कंपन्या या गाड्यांचे तळाचे पत्रे आजही दाबून बनवतात. ते जोडायचे, घासायचे, प्रायमर द्यायचा, मग रंग. मूळ रंग कोणता? तो इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावरच्या दुसऱ्या पट्टीवर संकेताने लिहिलेला असतो. अडकलेलं इंजिनही लगेच स्टार्टरने फिरवायचं नाही. स्पार्क प्लग काढून भोकांत तेल सोडायचं, काही दिवस थांबायचं आणि लांब पान्याने हाताने हळूहळू फिरवून पाहायचं. या कामांत महिने जातात, कधी वर्षंसुद्धा.

आणि ते बिल आलं असतं नि त्यावर जीटीओ नसती तर? तरी गाडी भंगारात कशाला घालायची? ले मॅन्स कन्व्हर्टिबलही देखणीच. कुणी हौसेने तिच्यात मोठं इंजिन बसवतात आणि विकताना तसं स्पष्ट सांगतात. त्यात काहीच गैर नाही.

आता एक काम. मोठ्यांना विचारून, इंजिन थंड असताना, घरच्या स्कूटरवर किंवा मोटारीवर चॅसी नंबर शोधा आणि आरसीवरच्या नंबराशी ताडून पाहा. आमच्या वर्गाने शाळेच्या आवारातल्या माझ्या स्कूटरवर तो शोधायला घेतला, तर अख्खी मधली सुट्टी संपली. शेवटी सापडला तो चिखलाखाली, आणि त्यातले दोन आकडे गंजाने पुसट झाले होते.