हाना महामार्ग

हाना महामार्ग हा अमेरिकेच्या हवाई राज्यातील माउई बेटाच्या उत्तर व पूर्व किनाऱ्याने जाणारा ऐतिहासिक रस्ता आहे. तो काहुलुई या बंदराच्या गावाला बेटाच्या पूर्व टोकावरील हाना या लहान वस्तीशी जोडतो. दोन्ही गावांमधील अंतर सुमारे ८४ किलोमीटर असले, तरी कोठेही न थांबता जाण्यास अडीच तास लागतात. वाटेत सुमारे ६२० वळणे व ५९ पूल असून त्यांपैकी ४६ पुलांवरून एका वेळी एकाच दिशेची वाहतूक होऊ शकते. १५ जून २००१ रोजी या रस्त्याचा समावेश अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत करण्यात आला.

धबधबे आणि वर्षावन यांसाठी हा रस्ता जगभर ओळखला जातो. मात्र त्याची निर्मिती पर्यटनासाठी झालेली नाही. पूर्व माउईचे पाणी बेटाच्या मध्यभागी असलेल्या उसाच्या मळ्यांकडे वळवण्यासाठी खोदलेल्या पाटांच्या कामातून आजच्या रस्त्याची पूर्वपीठिका तयार झाली. ज्या ओहोळांवरून तो जातो, त्यांच्या पाण्याचा वाद एकविसाव्या शतकातही चालू राहिला.

== भूगोल ==

माउईच्या पूर्व भागात हालेआकाला हा ३,०५५ मीटर उंचीचा ज्वालामुखी पर्वत आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे त्याच्या उतारांवर अडतात व तेथे वर्षभर पाऊस पडतो. त्यामुळे या बाजूला जवळजवळ प्रत्येक घळीत ओहोळ आहे. पर्वताच्या पश्चिमेस असलेली बेटाची मधली सपाटी मात्र पर्जन्यछायेत येते. तेथील जमीन सुपीक, पण कोरडी आहे. रस्त्याची नागमोडी आखणी या भूरचनेमुळेच झाली आहे. रस्ता प्रत्येक घळीत आत शिरतो, ओहोळ ओलांडतो आणि पुढच्या सोंडेला वळसा घालून पुन्हा समुद्राकडे येतो.

प्रशासकीय दृष्ट्या काहुलुईकडचा भाग मार्ग क्रमांक ३६ आणि पुढील वळणांचा भाग मार्ग क्रमांक ३६० म्हणून ओळखला जातो. क्रमांक बदलतो तेथे मैलांचे दगड पुन्हा शून्यापासून सुरू होतात. त्यामुळे केवळ मैलाच्या आकड्यावरून ठिकाण शोधणाऱ्या प्रवाशांचा अनेकदा गोंधळ होतो.

== इतिहास ==

या किनाऱ्यावरील सर्वांत जुनी बांधीव वाट माउईचा अधिपती पिइलानी आणि त्याचा पुत्र किहापिइलानी यांच्या नावाने ओळखली जाते. सुमारे सोळाव्या शतकातील ही वाट काळ्या बेसाल्टचे दगड हाताने बसवून तयार केलेली होती. तिचे काही अवशेष आजही आढळतात. पुढे तिची दुरवस्था झाली आणि हानाशी मुख्य दळणवळण समुद्रमार्गे होऊ लागले.

१८७५ मध्ये हवाईचे तत्कालीन राज्य आणि अमेरिका यांच्यात व्यापारी करार झाला. त्यानुसार हवाईची साखर अमेरिकेत जकातीविना जाऊ लागली आणि माउईवर ऊस लागवडीला वेग आला. ऊस हे पाण्याला हावरे पीक आहे. मधल्या सपाटीवर पुरेसे पाणी नसल्याने सॅम्युएल अलेक्झांडर व हेन्री बाल्डविन या भागीदारांनी १८७६ ते १८७८ या काळात हामाकुआ पाट खोदला. सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या या पाटाने पूर्वेकडील ओहोळांचे पाणी मळ्यांपर्यंत पोहोचवले. काम सुरू होण्यापूर्वीच बाल्डविन यांचा एक हात कारखान्यातील अपघातात गेला होता. तरीही मालिको घळीत दोरावरून उतरण्यास मजूर कचरत आहेत असे दिसताच ते स्वतः एका हाताने दोर धरून खाली उतरले, असा प्रसंग माउईच्या इतिहासात आवर्जून सांगितला जातो. ज्या मजुरांनी त्या घळी पार केल्या, त्यांची नावे मात्र या कथेत येत नाहीत.

पुढील सुमारे ४५ वर्षांत पाट व बोगदे यांचे जाळे पूर्वेकडे वाढत गेले. त्यांच्या बांधकामासाठी पाडलेल्या वाटा आधुनिक रस्त्याच्या पूर्वज ठरल्या. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ओहोळांवर काँक्रीटचे पूल उभे राहू लागले. रस्त्याच्या उभारणीत केआनाए येथील छावणीतील कैद्यांचे श्रम वापरण्यात आले. ही छावणी पुढे युवक शिबिरासाठी उपयोगात आली. १८ डिसेंबर १९२६ रोजी काहुलुई ते हाना हा सलग रस्ता खुला झाला. तेव्हा तो खडीचा होता. संपूर्ण डांबरीकरण १९६० च्या दशकात झाले.

== मार्गावरील स्थळे ==

पाइया हे ऊसमळ्यांच्या काळातील गाव रस्त्याच्या आरंभी लागते. हानापर्यंतच्या वाटेवर इंधन मिळण्याचे हे शेवटचे ठिकाण आहे. त्यापुढील होओकिपा किनारा शिडाच्या फळीवरून लाटांवर स्वार होण्याच्या खेळासाठी प्रसिद्ध असून संध्याकाळी तेथील वाळूवर समुद्री कासवे विसावलेली दिसतात. यानंतर वस्ती विरळ होते आणि वर्षावन सुरू होते.

निम्म्या वाटेच्या आसपास केआनाए हे लाव्हाचे सपाट द्वीपकल्प समुद्रात शिरलेले आहे. लाव्हावर मुळात माती नव्हती. लोकांनी ती टोपल्यांनी वाहून आणली आणि खाचरे तयार केली, अशी स्थानिक परंपरा आहे. या पाणथळ खाचरांत अळू पिकवले जाते. महाराष्ट्रात अळू प्रामुख्याने पानांसाठी लावतात. हवाईत मात्र त्याचा कंद हे मुख्य अन्न आहे. उकडून कुटलेल्या कंदाच्या लगद्याला तेथे पोई म्हणतात. हवाईच्या पारंपरिक कथेत अळू हा मानवजातीचा थोरला भाऊ मानला आहे. त्यामुळे अळवाच्या शेतीचा प्रश्न तेथे केवळ उत्पन्नाचा राहत नाही.

१ एप्रिल १९४६ रोजी आलेल्या त्सुनामीत केआनाए गाव उद्ध्वस्त झाले. लाव्हाचे दगड व प्रवाळाचा चुना वापरून १८६० मध्ये बांधलेले चर्च तेवढे उभे राहिले. ते आजही वापरात आहे.

हानाच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून थोडे आत, काहानू उद्यानात पिइलानिहाले हे प्राचीन पूजास्थान आहे. गाऱ्याविना रचलेल्या काळ्या दगडांचा हा चौथरा सुमारे १०४ मीटर रुंद व १२६ मीटर लांब असून त्याची एक भिंत १५ मीटरपर्यंत उंच आहे. हवाईतील अशा पूजास्थानांत ते सर्वांत मोठे मानले जाते. याच उद्यानात नीरफणसाच्या जातींचा जगातील सर्वांत मोठा संग्रह जोपासलेला आहे. कोकण-गोव्यात परसदारी दिसणारा हा वृक्ष पॉलिनेशियन दर्यावर्दी आपल्या होड्यांतून हवाईत घेऊन गेले. धबधब्यांच्या ओढीने बहुतेक प्रवासी हे स्थळ वगळतात. इतिहासाच्या दृष्टीने मात्र संपूर्ण मार्गावर याच्या तोडीचे दुसरे ठिकाण नाही.

वाइआनापानापा राज्य उद्यानात लाव्हापासून बनलेल्या काळ्या वाळूचा किनारा व गोड्या पाण्याच्या गुहा आहेत. गर्दी आटोक्यात ठेवण्यासाठी २०२१ पासून राज्याबाहेरील पर्यटकांना येथे आगाऊ नोंदणी बंधनकारक आहे.

हाना गावाजवळील काउइकी टेकडी हे राणी काआहुमानू हिचे जन्मस्थान मानले जाते. ही कामेहामेहा पहिला याची प्रिय राणी होय. त्याच्या मृत्यूनंतर १८१९ मध्ये स्त्री-पुरुषांच्या सहभोजनावरील बंदीसह जुनी निषेधव्यवस्था मोडण्यात तिचा मोठा वाटा होता. हानातील साखर उद्योग १९४० च्या दशकात संपला. त्यानंतर पॉल फेगन या उद्योजकाने येथे गुरांचे कुरण व १९४६ मध्ये हॉटेल सुरू केले.

हानाच्या पुढे कीपाहुलु येथे हालेआकाला राष्ट्रीय उद्यानाचा किनारी भाग आहे. तेथील ओहेओ घळीतील डोहांना ‘सात पवित्र कुंडे’ म्हणण्याची प्रथा पर्यटन व्यवसायाने पाडली. प्रत्यक्षात डोह सातांहून अधिक आहेत आणि या नावाला हवाईच्या परंपरेत आधार नाही. जवळच्या पालापाला होओमाउ चर्चच्या आवारात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांची कबर आहे. १९२७ मध्ये अटलांटिक महासागर एकट्याने, न थांबता ओलांडणाऱ्या लिंडबर्ग यांनी अखेरचे दिवस कीपाहुलु येथे घालवले. २६ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

== पाण्याचा वाद ==

रस्त्यावरून दिसणारे काही धबधबे पावसाळी दिवसांतच भरून वाहतात. बाकीच्या वेळी त्यांच्या वरच्या बाजूचे पाणी पाटात वळवलेले असे. काही पुलांवरून बांध आणि पाटाची दारे दिसतात; प्रवासवर्णनांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. अळवाच्या खाचरांना वाहते, थंड पाणी लागते. पाणी कमी व कोमट झाले की कंद कुजतो. त्यामुळे केआनाए व वाइलुआ येथील अनेक खाचरे पडीक झाली, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती.

२००१ मध्ये स्थानिक हवाईयन शेतकऱ्यांच्या संघटनेने २७ ओहोळांसाठी किमान प्रवाह ठरवून देण्याची मागणी राज्याच्या जलसंपदा आयोगाकडे केली. प्रकरण आयोग व न्यायालये यांच्यात दीर्घकाळ रेंगाळले. दरम्यान डिसेंबर २०१६ मध्ये माउईवरील अखेरच्या साखर कारखान्याचे गाळप थांबले. हवाईतील तो शेवटचा साखर कारखाना होता. जून २०१८ मध्ये आयोगाने दहा ओहोळांचा प्रवाह पूर्णपणे मोकळा करण्याचा व इतर काहींतील उपसा मर्यादित करण्याचा आदेश दिला. ऊस गेला तरी पाट बंद झालेले नाहीत. मधल्या सपाटीवरील नवी शेती आणि हालेआकालाच्या पश्चिम उतारावरील वस्त्यांचा पाणीपुरवठा त्यांवर अवलंबून आहे.

== वाहतूक ==

हाना परिसरातील रहिवाशांना काहुलुईकडील रुग्णालय, महाविद्यालय व बाजारपेठेसाठी हाच मुख्य रस्ता आहे. धबधब्यापाशी पुलावर उभी केलेली एखादी मोटार दोन्ही बाजूंची वाहतूक रोखू शकते. रुग्णवाहिकाही त्यातून सुटत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी वाहने उभी करण्यास मनाई असून दंड आकारला जातो. एकेरी पुलांवर समोरच्या वाहनाला आधी जाऊ देण्याची आणि मागून येणाऱ्या स्थानिक वाहनाला वाट देण्यासाठी बाजूला थांबण्याची पद्धत आहे. कीपाहुलुच्या पुढे दक्षिण किनाऱ्याने जाणारा मार्ग क्रमांक ३१ काही भागांत कच्चा व अतिशय अरुंद आहे.